युद्धाआधीची पावलं

सिनेमातल्या नट्या चालतात ना, तो पावलांचा आवाज माझा असतो. पॅरिसबाहेरच्या आमच्या स्टुडिओत या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी आजही ताठ मानेनं सांगते.

दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. भुताच्या एका कादंबरीवर सिनेमा निघाला होता. मेलेली बायको घरी परत येते, दिसत नाही, फक्त तिची पावलं वाजतात. म्हणजे अख्खं भूत माझ्यावर सोपवलेलं! तीन दिवस मी चालत राहिले आणि दिग्दर्शक लोरमों नकारार्थी मान हलवत राहिले.

शेवटी म्हणाले, "मादाम, ही बाई युद्धाआधी मेली. चामड्याच्या बुटांत. युद्धात चामडं मिळेना म्हणून तुम्ही पाच वर्षं लाकडी तळाचे बूट घातलेत, अजून पाय तसेच आपटता. उद्या जमलं नाही, तर दुसरी बाई बोलावतो."

दुसरी बाई! माझे कान तापले.

सकाळी अंधाऱ्या खोलीत मी एकटी होते. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक गास्तों. त्यानं यंत्र सुरू केलं तेव्हा मी बूट काढून अनवाणी बसले होते. आणि फरशीवर पावलं वाजली... मऊ, सावकाश, चामड्याची. माझ्या अगदी पुढ्यातून गेली. बंद कपाटातल्या लव्हेंडरचा वास आला.

"जमलं, सिदोनी," गास्तों म्हणाला. "हेच ठेवू."

"फेकून दे ते."

"वेड लागलंय का तुला?"

"माझं नाहीये ते, गास्तों..."

 दुसरीच्या चालीवर माझं नाव? जीव गेला तरी नाही. मी बूट चढवले, आत्ताच ऐकलेलं आठवलं, वजन मागे ठेवलं आणि चालले. नंतर ते ऐकून लोरमोंनी उठून माझा हात हातात घेतला. सिनेमात आहेत ती पावलं माझीच आहेत.

पुढे रोज सकाळी त्या रिकाम्या खोलीत पावलं वाजायची. आधी मऊ. मग हळूहळू जड, टाच आपटणारी... माझी चाल. ती बाई मला गिरवत होती. भीती वाटायची, पण खरं सांगते, ऊरही भरून यायचा.

पुढच्या सिनेमाच्या पहिल्या दिवशी मी दारातून आत शिरले. गास्तों खूश होता.

"आजच्याइतकं सुरेख तू कधीच चालली नव्हतीस," तो म्हणाला. "लोरमोंनी पसंतसुद्धा केलं."

मी अजून कोटही काढला नव्हता.