फळ्यावर नसलेली मुलं

साताऱ्याजवळच्या बालक्रीडा केंद्राच्या प्रयोगशाळेत 'भविष्यपट' यंत्राने आकडा दिला : एक्याण्णव टक्के. डॉ. स्वानंदी बोरगावेने तो तीनदा वाचला. आकडा तिच्याच मुलीचा होता. दहा वर्षांच्या रेणूने शाळा सोडून सहा वर्षं निवासी मल्लखांब शिबिरात काढली, तर पस्तिशीला ती आयुष्यात यशस्वी असण्याची शक्यता एवढी होती. संमतीपत्रावर आज सही करायची होती.

स्पर्धेच्या दिवशी रेणूला सकाळपासून उलट्या होत. तळहात सोलवटलेले असत. तरी स्वानंदी तिला ढकलत आली, कारण यंत्र तिनेच बनवलं होतं आणि तिचा त्याच्यावर विश्वास होता. केंद्राच्या तीस वर्षांच्या नोंदवहीतल्या मुलांची पुढे काय गत झाली, ते त्याला शिकवलेलं होतं. नव्या मुलाची मापं त्या मुलांशी ताडून ते भाकीत सांगे. राज्यभरचे आईबाप त्या आकड्यापायी पोरांची बालपणं इथे आणून टाकत.

सही करण्याआधी तिने एक शेवटची तपासणी करायची ठरवली. मल्लखांबात बसवलेले संवेदक प्रत्येक मुलाची पकड ओळखून नावासकट साठवत असत. खांबाने तीस वर्षांत पाच हजार तीनशे तेरा मुलांची पकड साठवली होती. नोंदवहीत मुलं होती बाराशे.

बाकीची गेली कुठे, हे तिने मल्लखांब शिकवणाऱ्या वस्तादांना विचारलं. त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं.

"सोडून गेलेल्याचं नाव फळ्यावर ठेवायचं नसतं, ताई. बाकीची पोरं खचत्यात. वल्या फडक्यानं पुसायचं. फळ्यावरनं गेलं की वहीतनंबी जातं. माझ्या वस्तादांपासनं चालत आलंय."

स्वानंदीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खांद्याचा सांधा निखळलेली, रडत घरी गेलेली, पुढे खेळाचं नावही न काढणारी अशी चार हजार एकशे तेरा मुलं एका फडक्याने नाहीशी केली होती. आणि नोंदवही पूर्ण आहे ना, हे तिने स्वतः एकदाही पाहिलं नव्हतं. तिला स्वतःचाच संताप आला.

पुसलेली मुलं तिने सार्वजनिक नोंदींतून शोधून काढली आणि आठवडाभराने, संमतीपत्र तसंच कोरं ठेवून, संचालक डॉ. हुदलीकरांसमोर निकाल ठेवला.

"सगळी मुलं धरली तर यश चोपन्न टक्के येतं, सर. याच गावांतली, कधीच स्पर्धेत न उतरलेली मुलं धरली तर पंचावन्न. आपण मुलं घडवत नाही. जी टिकतात तेवढीच मोजतो आणि श्रेय घेतो."

"पण जी सोडून गेली, ती आपली कुठे राहिली?" हुदलीकर शांतपणे म्हणाले.

"उलट्या इथे केल्या त्यांनी. हाडं इथे मोडली. तेव्हा आपली होती ना?"

त्यावर हुदलीकरांनी फक्त अहवाल मिटून परत सरकवला. यंत्र जुन्याच नोंदींवर चालेल, असं सांगितलं. स्वानंदीने संमतीपत्र त्यांच्यासमोर फाडलं, रेणूचं नाव काढून घेतलं आणि राजीनामाही दिला.

दुसऱ्या दिवशी ती रेणूला घेऊन सामान न्यायला आली. वस्तादांचं फडकं आधीच फिरलं होतं. फळ्यावर रेणूच्या नावाच्या जागी ओला डाग होता. फाटकावरच्या पडद्यावर नवा मजकूर झळकत होता : 'केंद्रातील मुलांच्या यशाची सरासरी शक्यता ब्याण्णव टक्के. भविष्यपटावर केंद्रातील सर्व शास्त्रज्ञांचा विश्वास.'

खोटं त्यात काहीच नव्हतं. सरासरीतून उलट्या करणारी एक मुलगी वजा झाली होती. शास्त्रज्ञांच्या यादीतून विश्वास न ठेवणारी एकुलती एक बाईही वजा झाली होती. स्वानंदीने पुसलेल्या मुलांच्या कागदांची पेटी उचलली.

"आई, सर्व म्हणजे तूपण?" रेणूने विचारलं.

"नाही गं. आपण दोघी पुसलेल्यांत."

"पुसलेली मुलं किती आहेत?"

"तुला धरून चार हजार एकशे चौदा."

"आणि फळ्यावरची?"

"अकराशे नव्याण्णव."

रेणूने सोलवटलेल्या बोटांवर काहीतरी हिशेब केला.

"मग आमचाच संघ मोठा आहे की," ती म्हणाली. "आम्हाला कुणी एकत्र बोलावलंच नाही."

स्वानंदीने पेटी खाली ठेवली. त्यात सगळ्यांचे पत्ते होते.