एकेचाळीस छत्र्या

“एकेचाळीस पोरींना तुम्ही चोर ठरवलंत. एकीचंही तोंड न बघता!”

परीक्षा मंडळाच्या प्रयोगशाळेत शेवंता दुपारे कडाडली. चिमूरकडच्या पोरींना ती नर्सिंगच्या प्रवेशापुरतं इंग्रजी शिकवायची. त्या सगळ्यांवर आता पाच वर्षांची परीक्षाबंदी आली होती.

साम्यमापी यंत्राचे जनक डॉ. केळुसकर खुर्चीतून हललेही नाहीत. “बाई, यंत्र उत्तरं एकमेकांशी ताडून साम्यांक काढतं. नव्वदच्या वर गेला की नक्कल. ‘सिमिलर’ शब्द वापरून वाक्य लिहा, एवढाच प्रश्न होता. आणि तुमच्या एकेचाळीस जणी लिहितात, माझी छत्री तुझ्या छत्रीसारखी आहे?”

“मग काय लिहितील? इंग्रजीच्या पहिल्या पायरीच्या पोरी त्या, गाठीला दीडशे शब्द. मी वर्गात छत्री उघडून दाखवली, सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. चौथ्या पायरीवरचा दोन माणसांची दुःखं सारखी म्हणेल, दोन गावांचे स्वभाव सारखे म्हणेल. त्याच्याकडे शब्द ढिगानं. नव्वदचा आकडा कुणाच्या पेपरांवरून काढलात?”

“चौथ्या पायरीच्या,” केळुसकरांनी चष्मा पुसायला घेतला. “पण नियम सगळ्यांना एकच. यंत्राचा निकाल माणसानं फिरवायचा नाही.”

“नियम कुणाचा?”

“माझाच. नक्कल कशाला म्हणायचं, तेही यंत्र माझ्याच तोंडून ऐकतं.”

शेवंता हसली. महिनाभर तिनं ते हसू दाताखाली दाबून धरलं होतं. पिशवीतून तिनं गठ्ठा काढला. पोरींची अपिलं फेटाळल्याची एकेचाळीस पत्रं, खाली केळुसकरांची सही. प्रत्येकात तेच: ‘हे प्रकरण मी स्वतः, स्वतंत्रपणे वाचून निकाल लिहिला आहे.’

यंत्रावर मंडळाचीच पाटी होती: नक्कल आढळल्यास कोणीही कागद टाकावेत. तिनं टाकले.

“साम्यांक शंभर,” यंत्र बोललं. “नक्कल सिद्ध. लेखकाची सही पाच वर्षांसाठी गोठवली.”

केळुसकरांच्या छातीवरचं ओळखपत्र लाल झालं. “अहो, सरकारी पत्रं सारखीच असतात! यात चोरी कसली?”

“तेच यंत्राला सांगा की. नियम तुमचा, अर्थही तुम्हीच लावायचा. सारखं म्हणजे चोरी नाही म्हणालात तर सुटाल, पण त्याच दमात माझ्या पोरीही सुटतील. चोरीच म्हणालात तर पाच वर्षं बसा घरी, त्यांच्यासारखे.”

केळुसकरांनी दाराकडे पाहिलं. लाल ओळखपत्राला ते उघडणार नव्हतं.

शेवंतानं यंत्रासमोरची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

“बोला, सर. सारखं लिहिणं ही चोरी आहे की नाही?”