मेलेल्यांसाठी गोडं पाणी

शपथेवर सांगतो, अक्षरन् अक्षर खरं आहे. म्हणजे निदान अर्धं. उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी रोहीमची, आणि तो मेलाय.

चौदा महिने मासे मारून एक जहाज तैवानच्या दक्षिणेकडच्या एका बंदराला लागलं. वर जावा बेटावरचे दहा खलाशी आणि एक कॅप्टन श्यू. निघताना खलाशी अकरा होते. वाटेत रोहीमचे पाय सुजले, मग पोट, मग त्याला श्वास घेता येईना. कॅप्टनने जहाज वळवलं नाही. तीन दिवस त्याला बर्फाच्या खोलीत माशांबरोबर ठेवलं, चौथ्या दिवशी समुद्रात सोडलं. "कोणी विचारलं तर त्याने स्वतः उडी मारली," एवढं बजावून कॅप्टन जेवायला गेला.

आता कासदीचे पाय सुजायला लागले होते. जहाज दुसऱ्या दिवशी परत निघणार होतं, आणि सगळ्यांचे पासपोर्ट कॅप्टनच्या लोखंडी पेटीत. पासपोर्ट नाही तर बंदराच्या फाटकाबाहेर पाऊल नाही.

त्या दुपारी चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्यातली, मेलेल्यांची पूजा होती. भटक्या मेलेल्यांना तिथे भूत म्हणत नाहीत, 'भाऊ लोक' म्हणतात; उगाच कोणाला राग नको. कॅप्टनने डेकवर टेबल मांडलं. भाजलेलं बदक, डुकराचं मांस, बिस्किटांचे पुडे. खाली घमेलंभर गोडं पाणी, साबण, कोरा टॉवेल. भाऊ लोक लांबून येतात, तोंडबिंड धुतील.

कासदी बघतच राहिला.

"पाक तार्जो," तो हळूच म्हणाला. तार्जो वयाने बापासारखा, म्हणून पाक. "आपण चौदा महिने खाऱ्या पाण्याने अंघोळ केली."

"आपण जिवंत आहोत ना. आपलीच चूक."

"मग मरू या."

"कधी?"

"आत्ता. बदक गार होतंय."

अर्ध्या तासाने बर्फाच्या खोलीचं दार किरकिरलं. आधी पांढरी वाफ आली, मग माशांचा वास, आणि त्यामागून एका रांगेत माणसं. भुवयांवर बर्फ, ओठ निळे. पाक तार्जोचे दात वाजत होते आणि त्याचंच त्याला हसू येत होतं.

कॅप्टन हातातल्या उदबत्त्यांसकट दोन पावलं मागे सरला. मग तो खो खो हसला. "कासदी, गाढवा, तुझी चड्डी ओळखतो मी! चला कामाला."

कोणी हललं नाही. सुजलेले पाय ओढत कासदी पुढे झाला.

"रोहीमला इथेच ठेवलं होतंत. आम्ही कामाला येणार नाही. पासपोर्ट द्या."

"नाहीतर?"

"नाहीतर पुढच्या वर्षी आमच्यासाठीही बदक लागेल. दहा. डुकराचं नको, आम्ही खात नाही."

कॅप्टनने सवयीने डोकी मोजली. रोज सकाळी मोजायचा, बोट नाचवत. आठ, नऊ, दहा... बोट पुढे सरकलं आणि हवेतच थांबलं. त्याने पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

"अकरा... कसे?"

मागे वळून कोणीच पाहिलं नाही. कासदीला रांगेच्या पार टोकाकडून फक्त ऐकू येत होतं. टप... टप... बर्फ वितळतोय, त्याने स्वतःला समजावलं. पण रांगेतला शेवटचा तोच होता ना, पुढे येण्याआधी? मग हे मागून कोण...

कॅप्टनने पेटी उघडली आणि खाली मान घालून एकेक पासपोर्ट वाटला.

फाटकाबाहेर पडल्याबरोबर कासदीने फोन मागून घेतला आणि खलाशांच्या मदतकेंद्राला लावला. नंबर पाठ होता. रोहीमने झोपायच्या फळीवर कोरून ठेवला होता. केंद्रातल्या बाई धावत आल्या, कासदीला डॉक्टर मिळाला, जहाज अडकलं, कॅप्टन चौकशीला बसला.

"रोहीमचा पासपोर्ट कुठाय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"दिला," कॅप्टन म्हणाला. "त्याने हात पुढे केला..."

पेटी रिकामीच निघाली. टॉवेल सापडला नाही. घमेल्यातलं पाणी एकाने चाखून पाहिलं. खारं होतं.

संपली. काढा आता बिस्किटांचा पुडा, ठरलं होतं आपलं. एक नाही, दोन. अहो, तुमच्या शेजारी बसलाय त्याने काय उपाशी राहायचं? घाबरू नका, सतरंजी नाही भिजणार. टॉवेल आहे त्याच्याकडे.