पेवातली ओ

करडीदुर्गाच्या पायथ्याला बेडरांची वस्ती आहे, तिथल्या बोरय्याची ही गोष्ट. दिवा जरा पुढे ओढा आणि मधेमधे बोलू नका. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल झोपायला जावं. हे झालं भर दुपारी.

बोरय्या आणि त्याचा धाकटा भाऊ पालय्या यांचं हाडवैर. बाप गेल्यावर किल्ल्याखालची दोन पेवं, म्हणजे धान्य साठवायची जमिनीतली खोल भुयारं, वाटून घेतली आणि पुढे शिव्यांखेरीज बोलणं उरलं नाही. पण जोंधळ्याचं पेव उपसायला दोघं लागतात. एक आत उतरतो, दुसरा वर दोर धरतो, आणि तो रक्ताचाच लागतो, असा बेडरांचा दंडक. म्हणून बोरय्याला कुरकुरत भावाच्या पेवावर जावं लागलं.

पेवात कोंडलेली हवा माणूस मारते. म्हणून वरच्यानं नाव घेऊन हाका मारत राहायचं, आतल्यानं ओ द्यायची. ओ थांबली की ओढायचं. आणि काही झालं तरी आतल्याला ‘वर ये’ म्हणायचं नाही. दोराला हिसका द्यायचा, बस्स.

का, ते तिथलं शेंबडं पोरही सांगतं. दुर्गाचे नायक मूळचे गुरं राखणारे. डोंगर हेरला, कातळाला तट घातला, तटाबाहेर आणखी तट. बघता बघता सुलतानसुद्धा त्यांच्याशी जपून बोलू लागले. मग माज आला. शेवटच्या नायकाला वेढा पडला, दाणा संपत आला, तेव्हा त्यानं म्हातारेकोतारे, बायका, लेकरं रिकाम्या पेवांत उतरवली. ‘वेढा उठला की मीच वर या म्हणून हाक मारीन,’ असं सांगून तोंडांवर शिळा बसवल्या. आणि स्वतः चोरवाटेनं पसार झाला. दुर्ग पडला. हाक कोण मारणार? त्या नायकाची आता दरवर्षी मिरवणूक काढतात. काढा बापडे.

“कालच शिळा सरकवून ठेवायची होतीस,” बोरय्या खेकसला. “आतली हवा निघून गेली असती.”

“तू शिकवणार मला? दोर धर. हात कापत असतील तर बायकोला बोलाव.”

पालय्या उतरला. आतून आंबूस, कुबट वास भपकन वर आला. पालय्याची बायको सण्णक्का टोपल्या घेऊन बाजूला बसली होती. तिच्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं.

“पालय्या!”

“ओ! मेलो नाही अजून, नाचू नकोस.”

“पालय्या!”

“ओ...”

“पालय्या!”

जरा वेळ गेला. “ओ.” आवाज त्याचाच, पण फार खालून आल्यासारखा.

“टोपली भरली का?”

“वेढा उठला का?”

बोरय्यानं दोर आवळून धरला. “थट्टा करतोस होय रे?”

“वेढा... उठला का?”

सण्णक्का ताडकन उठली. “भावोजी, दोर ओढा. उत्तर देऊ नका...”

पण बोरय्याचं डोकं फिरलं होतं. पेवाच्या तोंडाशी वाकून तो ओरडला, “उठला, उठला! ये वर, मेल्या!”

आत चिडीचूप झालं. मग दोर ताणला गेला. दोघांनी मिळून ओढला. पालय्या वर आला. अंगभर पांढरी धूळ, हात बर्फासारखे. उन्हाकडे बघत तो बराच वेळ डोळे मिचकावत राहिला. मग त्यानं वाकून बोरय्याच्या पायांना हात लावला.

“अण्णा, फार उशीर केलात.”

पालय्यानं उभ्या जन्मात त्याला अण्णा म्हटलं नव्हतं. सकाळी चौघांनी पहारी घालून हलवलेली शिळा त्यानं एकट्यानं पेवावर सरकवली आणि बायकोच्या मागून मुकाट घरी गेला.

आठवडाभर त्या घरातून आरडाओरडा ऐकू आला नाही. पालय्या पाणी भरायचा, हळू बोलायचा. फक्त जेवताना मूठभर दाणे मागून अंथरुणाखाली लपवायचा.

मग एका दुपारी बोरय्या त्या पेवाजवळून चालला होता.

“ए बोऱ्या! हरामखोरा, दोर टाक!”

शिळेखालून. बोरय्यानं शिळेला कान लावला.

“अंधार आहे रे... लई माणसं आहेत इथं. धरून ठेवलंय मला... अण्णा...”

बोरय्या धावत पहार घेऊन आला. तोवर सण्णक्का तिथं पोचली होती, शेणमातीची पाटी घेऊन.

“बाई, तुझा नवरा आत आहे!”

“ठाऊक आहे.” तिनं फटीत गोळा थापला. “घरी आहे त्याला राहू द्या.”

“पण तो आहे कोण?”

“मी विचारलं नाही.”

बोरय्यानं पहार घातली, जीव खाऊन रेटली. शिळा तसूभर हलली नाही. तो वस्तीत दारोदार फिरला. सगळ्यांनी एकच सांगितलं, तुझा दोर धरायला रक्ताचं माणूस आण. ते तर खाली होतं. परत येईस्तो सण्णक्कानं शेवटची फट लिंपली होती आणि आतून काही ऐकू येत नव्हतं.

तो घरी आला. त्याची बायको दुरुगम्मा हसून पुढं झाली. असं हसलेली त्यानं तिला कधी पाहिली नव्हती. त्यानं परवाच पिरगळलेल्या, सुजलेल्या हातानं तिनं त्याला नाचणीचा गरम उंडा वाढला, वर आमटीसारखं पातळ सारू ओतलं.

“अहो,” ती गोड आवाजात म्हणाली, “आपलंही पेव उपसायला झालंय. उद्या उतरता का? दोर धरायला तुमचा भाऊ येतो म्हणालाय.”