कढईवर गेलेला ब्लाउज

"एक मिनिट... हा ब्लाउज माझ्या आईचा आहे."

डिसेंबरातली सकाळ, बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला रस्ता आणि समोर धावून घामाघूम झालेला एक अनोळखी तरुण. प्रांजल कठड्यावर मोबाइल टेकवून स्वतःचे फोटो काढत होती. ओळख काढायची ही नवी तऱ्हा असेल असं तिला आधी वाटलं. पण तो खरोखरच फक्त ब्लाउजकडे बघत होता, आणि त्याचा तिला जास्तच राग आला.

"माझा आहे," ती म्हणाली. "शकुबेनकडून घेतलाय."

शकुबेन म्हणजे टोपलीभर स्टीलची भांडी घेऊन बिल्डिंगी पालथ्या घालणारी भांडीवाली. जुने कपडे घ्यायचे, भांडं द्यायचं आणि त्यातले बरे कपडे स्टेशनजवळच्या फुटपाथवर विकायचे, हा तिचा धंदा. त्याच ढिगात प्रांजलला हा ब्लाउज सापडला होता. मोरपंखी रेशीम, फुग्याच्या बाह्या, तीसेक वर्षांपूर्वीची शिलाई.

"तेच तर!" त्याने कपाळाला हात लावला. "आई गावाला गेलीये. मी कपड्यांचं गाठोडं देऊन कढई घेतली, त्यात हा चुकून गेला असणार. तिच्या साखरपुड्याच्या फोटोत आहे हा... परत द्याल? बदल्यात..."

"कढई द्याल?"

"चांगली आहे. जाड बुडाची."

प्रांजलच्या अंगाचा तिळपापड झाला. शनिवारी अंधेरीला तिची मुलाखत होती. एका वेशभूषाकार बाईंना हाताखाली मुलगी हवी होती आणि त्यांची अट एकच होती, एखादा जुना कपडा घेऊन त्यावर हिवाळ्याचा पेहराव जुळवायचा आणि तोच घालून यायचं. तयार कपड्यांच्या दुकानात दिवसभर लोकांनी विस्कटलेल्या घड्या घालणाऱ्या मुलीला अशी संधी पुन्हा कोण देणार होतं? तिने सगळं जुळवलं होतं. आत काळा, गळाबंद, लांब बाह्यांचा टीशर्ट, त्यावर हा ब्लाउज, खाली कंबरेच्या वर चढणारी लोकरी पँट आणि बाबांचा मफलर. आता हा कोण टिकोजीराव मध्येच उगवला?

"चूक तुमची, भुर्दंड मला? नाही देणार."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. नाव हर्षद, हे न विचारताच सांगितलं.

"विचार केलात?"

"केला. नाही."

"बरं. पण मोबाइल असा खाली ठेवलात तर बाह्या दिसत नाहीत. मी काढू फोटो?"

आगाऊपणाची हद्द होती. पण फोटो मात्र झकास आले. प्रांजलला त्याचाही राग आला.

मग रोजच तो येऊ लागला. आल्याचा चहा थर्मासमधून आणायचा, फोटो काढायचा, मफलर असा नको, तसा घे म्हणायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. ब्लाउजचा विषय तो रोज एकदा काढायचा, ती रोज नाही म्हणायची, आणि तो हसून म्हणायचा, "उद्या विचारतो." आता रस्त्यावर त्याची चाहूल लागली की तिचा हात आपोआप केसांवरून फिरायचा. असल्या माणसासाठी केस सारखे करायचे? स्वतःचाच संताप यायचा तिला.

आणि त्यातच मन खाऊ लागलं. कुणाच्या तरी आईची आठवण अंगावर मिरवत आपण नोकरी मागायला जाणार. शुक्रवारी तिने ब्लाउज काढून नीट घडी घातली, जरा रडली आणि मुलाखतीसाठी ब्लाउजच्या जागी, त्याच टीशर्ट-पँट-मफलरसोबत घालायला आपला जुना सुती कुर्ता इस्त्री केला. त्यात काही दम नव्हता, हे तिलाही कळत होतं.

शनिवारी सकाळी शकुबेनला पत्ता विचारून ती हर्षदच्या दारात उभी राहिली. दार त्याच्या आईने, मीराकाकूंनी उघडलं. त्या आदल्या रात्रीच गावाहून आल्या होत्या.

"काकू, हा तुमचा ब्लाउज. चुकून गेला होता ना, म्हणून..."

"चुकून कसला? गाठोड्यात मीच टाकला होता. दंडात शिरत नाही गं आता. तूच घाल." काकूंनी आत हाक मारली. "हर्षद, मी फोनवर सांगितलं होतं ना तुला? सोमवारीच?"

आतून हर्षद आला. त्याचा चेहरा पाहून प्रांजलला सगळं समजलं. सोमवारी तर ते पहिल्यांदा भेटले होते.

ब्लाउज घेऊन ती तडक जिना उतरू लागली. तो मागोमाग धावला.

"प्रांजल, ऐक ना... पहिल्या दिवशी खरंच चूक वाटली होती. मग रोज वाटायचं, आज सांगू. पण सांगितलं तर तुला भेटायला कारणच उरलं नसतं."

"मी स्वतःला चोर समजत होते. रडलेय मी काल. ब्लाउजशिवाय मुलाखतीला निघाले होते, कळतंय तुला?"

"तू ब्लाउज सोडून देशील असं वाटलंच नव्हतं मला. चुकलो. शप्पथ, चुकलो."

"सरळ सांगायचं होतंस, तू आवडतेस म्हणून."

"तू हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले. पण इतकी रागावलेही नसते."

तो हळूच म्हणाला, "तू आवडतेस. आता चालेल?"

"आता मी रागावलेय."

"म्हणजे नाही?"

"म्हणजे रागावलेय." तिने ब्लाउज छातीशी धरला आणि वर पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाजाची धार तशीच होती. "दुसरं कुणी असतं ना, तर आत्तापर्यंत विसरूनही गेले असते. तू आवडतोस, म्हणून एवढा राग येतोय. कळलं? आता बाजूला हो. काकूंच्या खोलीत कपडे बदलते आणि निघते."

"आणि मी?"

"तू रिक्षा थांबव," ती जिना चढत म्हणाली. "अंधेरीपर्यंत भांडायला कुणीतरी लागेल मला."