एका हाताची चढण

मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला भंडाऱ्यातल्या एका हाडांच्या दवाखान्यात पाण्याची बाटली उलटली आणि तृप्तीची ओढणी भिजली.

"सॉरी, सॉरी मॅडम!" बाटली गुडघ्यांत धरून एका हाताने झाकण उघडू पाहणारा मुलगा धडपडत उठला. त्याचा डावा हात गळ्यातल्या झोळीत होता.

"मागितलं असतं तर उघडून दिलं असतं ना."

"दीड महिन्यापासून सारे उघडूनच देऊन राहिले. म्हणून तर…"

तो भूपेंद्र. चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत कामाला. रानडुक्कर आडवं आलं, गाडी घसरली, मनगट मोडलं. प्लास्टर नुकतंच निघालं होतं. ती जवाहरनगरची, बाबांच्या गुडघ्यासाठी आलेली. दर रविवारी ती दहाबारा जणांना डोंगर चढायला नेते, हे कळलं आणि त्याचे डोळे चमकले.

"मलेबी न्या. पण आंबागड किल्ल्याच्या पायऱ्या नको, त्या तर माझी आईबी चढते. दम लागला पाहिजे."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"चाला म्हणे, पण पडू नका. पुन्हा मोडला तर रॉड टाकावा लागन. मग खाणीत उतरायचं विसरा."

हे तो हसत म्हणाला. तृप्तीला हसू आलं नाही.

पायांना जड आणि हाताला हलकी, अशी वाट हवी होती. एका वाटेवर ओढ्याचे ओले खडक. दुसरीवर बांबूला धरूनच चढावं लागतं. उरली गायमुखच्या पुढची सागाची चढण… चौदा किलोमीटर, तीन चढ. तिथे हात लागत नाहीत, असं तिला आठवत होतं. पण दोन्ही हात मोकळे असताना ते कुणाच्या लक्षात राहतं? त्या रविवारी तिने बाकीच्यांना सुट्टी दिली. का, ते स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

रविवारी सहा दहाला दोघं निघाले. दुसऱ्या चढावर भूपेंद्रचा शर्ट घामाने पाठीला चिकटला. तो खूश होता. ती त्याच्या पावलांवरून नजर हलवत नव्हती.

"समोर पाहा ना मॅडम. माझे जोडे काय पाहून राहिल्या?"

"लेस सुटते का, ते."

"सुटली तर तुम्ही बांधाल?"

"मुकाट्याने चाला."

वर मोहाच्या झाडाखाली पायथ्याच्या गावातल्या मंदाबाई फुलं वेचत होत्या. भूपेंद्रची झोळी पाहून त्यांनी टोपली खाली ठेवली. "काय वं पोरी, काल तुहा हात बांधला होता, आज याचा? साथ आली का काय?"

भूपेंद्र थांबला. "काल?"

"ओढणीनं हात बांधून एकटीच चढली ना हे. दोनदा आपटली. मी म्हटलं, येडी हाय."

तृप्तीने बाही खाली ओढली, पण कोपराचं खरचटलेलं त्याला दिसलंच.

"काहून केलं असं?" त्याचा आवाज उतरला होता.

"तू पडला असता तर…" ती थांबली. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, कळलं नाही. "मी पडलेली चालते."

"मले नाही चालत."

दोघं पुढे निघाले. पायांखाली सागाचा पाला करकरत होता.

तिसऱ्या चढानंतरच्या उतारावर तिने त्याच्यासाठी प्रत्येक दगड आधी पायाने दाबून पाहिला. त्याच्या पडण्याचा सगळा हिशोब तिने केला होता. स्वतःच्या पडण्याचा केला नव्हता. पाल्याखालचा गोटा निसटला, ती खाली जायला लागली आणि झोळीतून निघालेल्या डाव्या हाताने तिचं मनगट घट्ट पकडलं.

दोघं बसले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"तोच हात? भूपेंद्र, तोच हात दिला?"

"उजवा दूर होता."

"सोड आता. पाहू दे."

"बोटं उघडून नाही राहिली."

"खरंच, की नाटक करून राहिला?"

"अर्धं अर्धं." तो हसायला गेला, पण हसणं दातांतच अडकलं. "तृप्ती… रॉड टाकावा लागला तरी मी हेच करीन. आधी सांगून ठेवतो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याचं एकेक बोट हलकेच सोडवलं. मनगट सुजायला लागलं होतं. ओढणी फाडून तिने ते छातीशी बांधलं.

"दुखते?"

"तू बांधते तवा कमी."

खाली गाडीपाशी पोहोचायला सव्वा वाजला. डॉक्टरांचा फोन लागला नाही. तिने त्याला बोटं हलवायला सांगितली. चार हलली. अंगठा अजून हलला नव्हता.