खोताच्या मुली

आमच्या शास्त्रात बाप कोण हे आधी ठरवतात आणि मग पोर जन्माला घालतात. समाजात हे उलट चालतं, म्हणून तिथे भांडणं जास्त. हे वाक्य मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना ऐकवायचे आणि तेही दरवर्षी हसायचे. मला स्वतःवर विश्वास होता. अजूनही आहे. जे घडलं ते मी त्याच विश्वासाने सांगते आहे.

साल १९८६. वर्सोव्याला कोळीवाड्याच्या मागे, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या रांगा संपतात तिथे आमचं मत्स्यसंशोधन केंद्र होतं. एकमजली, कौलारू, एका ट्रस्टने चालवलेलं. समुद्राच्या काठावर बसून आम्ही गोड्या पाण्यातले मासे पोसायचो, याचं कोळणींना फार हसू यायचं. पार्ल्याहून मी तिथे पोचेपर्यंत साडीला बोंबलांचा वास लागलेला असायचा आणि घरी परत जाईपर्यंत तो जायचा नाही.

माझं काम होतं बापाशिवाय मासा जन्माला घालण्याचं. ऐकायला जादू वाटते, पण कृती स्वयंपाकासारखी आहे. नराचं पोट हलकेच दाबून मिल्ट, म्हणजे त्याचं बीज, काढायचं आणि अतिनील दिव्याखाली धरायचं. त्यातले शुक्रजंतू पोहत राहतात, पण त्यांच्याजवळचं वारशाचं सामान जळून जातं. मग मादीची अंडी एका ताटलीत घेऊन त्यावर हे मिल्ट घालायचं आणि कोंबडीच्या पिसाने ढवळायचं. चमच्याने नाही, पिसानेच. जळका शुक्रजंतू अंड्याला नुसता जागं करतो. लगेच बर्फाच्या पाण्याचा धक्का दिला, की अंडं आईचाच वारसा दुप्पट करून घेतं. निघतात त्या सगळ्या मुली आणि सगळ्या फक्त आईच्या. बाप म्हणजे दारावरची बेल, असं मी म्हणायचे.

"बेल कुणीतरी वाजवायला लागते ना?" वालावलकर सर म्हणायचे.

डॉ. चंद्रप्रकाश वालावलकर माझे गाइड. बुटके, डाव्या गुडघ्याने लंगडणारे, करंगळीत पोवळ्याची अंगठी. रोज दुपारी टाक्यांच्या ओळीतून ते फेरी मारायचे आणि अंगठीने काचेवर तीनदा टकटक करायचे. तिसऱ्या टाकीपाशी गुडघा धरून थोडे थांबायचे, मग पुढे. बाहेरच्या हौदात त्यांचा लाडका म्हातारा नर होता, करड्या रंगाचा सायप्रिनस, म्हणजे कार्प मासा. त्याच्या मिशा आणि रुबाब पाहून सरांनी त्याचं नाव ठेवलं होतं खोत. हौदाच्या कठड्यावर अंगठी वाजली की खोत तळातून वर यायचा आणि सरांच्या हातून पेंड खायचा. दुसऱ्या कुणी दगडाने हौद फोडला असता तरी तो हलला नसता.

"तुझ्या प्रयोगाला खोत वापर," सर म्हणाले होते. "त्याचं काही म्हणजे काही उतरणार नाही म्हणतेस?"

"काहीच नाही, सर."

"बघू या," ते म्हणाले. तो त्यांचा आवडता शब्द होता. पण बघायला ते राहिले नाहीत. त्या दिवाळीच्या सुट्टीत घरी, आरामखुर्चीत, ते गेले. मी खूप रडले. मग सुट्टी संपल्यावर कामाला लागले, कारण त्यांनीही तेच केलं असतं.

जागा एकच होती, रीडरची. तिच्यावर मी आणि दशरथ शेलटकर असे दोघे डोळा ठेवून होतो. दशरथ संकराचं काम करायचा, वेगवेगळ्या जाती जुळवून जोमदार पिल्लं काढायचा. माणूस सरळ होता, पण जागा हवी म्हणजे हवीच होती. मार्चमध्ये निवड समिती येणार होती आणि मुलाखतीबरोबर मासेही बघणार होती. माझ्या मुलींमध्ये बापाचा लवलेश जरी निघाला असता तरी माझं सगळं काम फुकट गेलं असतं, जागाही गेली असती. पुन्हा अशी जागा निघेपर्यंत माझे केस पिकले असते.

मी खोतच वापरला. सरांच्या आठवणीसाठी नव्हे, त्याच्या रंगासाठी. करडा रंग सोनेरीवर मात करतो. बाहेरच्या फार्मवरून आणलेली मादी सोनेरी होती. तिच्या मुलींत बापाचा अंश आलाच, तर त्या करड्या निघाल्या असत्या.

सगळ्या सोनेरी निघाल्या. आठ टाक्यांमध्ये मिळून एकही करडी नाही. त्या दिवशी मी सगळ्या केंद्राला जिलबी वाटली.

काचेला चिकटलेला एक बुडबुडा सोडवायला मी पेनाने टकटक केलं, तिथून पुढचं सुरू झालं. माशांची पिल्लं आवाजाने उधळतात. हा त्यांचा जन्मजात धर्म आहे, न उधळणारं पिल्लू कुणाच्या तरी पोटात जातं. माझ्या मुली उधळल्या नाहीत. त्या काचेकडे आल्या. सगळ्या, एका जागी, तोंडं वर करून.

मी शेजारच्या खोलीत गेले. तिथे त्याच मादीची पिल्लं होती, पण दुसऱ्या नरापासून नेहमीच्या पद्धतीने झालेली. टकटक केलं. पाण्यात दाणे फेकल्यासारखी ती चहूकडे उधळली.

परत वळले तर दारात दशरथ.

"मृणाल, हे काय गं?"

"थरथर कळते त्यांना."

"थरथर कळली तर पोरं पळतात, यार. ही येतायत. खोत असाच यायचा."

"मग?"

"मग काय? बापाचं काहीतरी आलंय. तुझा दिवा कमी पडला."

"सवय रक्तात उतरत नाही, दशरथ. खऱ्या बापाची उतरत नाही, तर जाळलेल्या बापाची कुठून उतरेल?"

"ते कमिटीला सांग. मी त्यांच्यासमोर टकटक करणार. आधीच सांगतोय हं, पाठीत वार करत नाही मी."

मला राग आला, पण भीती वाटली नाही. रंग माझ्या बाजूने होता.

टाक्या सांभाळायला दत्ताराम होता, मालवणकडचा, गप्पिष्ट. उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलीतून गाळून तो पिल्लांना घालायचा. एकदा बोटं पुसत तो म्हणाला, "मॅडम, ही पोरां जेवणाच्या आदी कडेक येतत. पयली टाकी, मगे दुसरी, मगे तिसरी. भूक लागता त्यांका, दुसरा काय?"

"सगळ्या एकदम येत असतील."

"एकदम नाय. रांगेन."

त्या दुपारी मी टाक्यांसमोर खुर्ची टाकून बसले. पंपाची घरघर, बाहेर कुठेतरी रेडिओ, बोंबलांचा वास. पहिल्या टाकीतल्या मुली काचेपाशी गोळा झाल्या. कुणी टकटक केलेलं नव्हतं. थोड्या वेळाने त्या पांगल्या आणि दुसऱ्या टाकीतल्या गोळा झाल्या. मग तिसऱ्या. तिसऱ्या टाकीत त्या बराच वेळ थांबल्या. मग चौथ्या. ओळीच्या शेवटापर्यंत हे असं गेलं, चालत्या माणसाच्या वेगाने. भरभर चालणाऱ्या माणसाच्या नव्हे.

मी उठून पहिल्यांदा खिडकी पाहिली. उन्हाची तिरीप सरकत असेल तर मासे तिच्यामागे जातात. खिडक्या उत्तरेला होत्या, ऊन येतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पंप बंद ठेवला. त्यानंतर खाण्याची वेळ सकाळी केली. मग काचांना बाहेरून वर्तमानपत्र चिकटवलं, म्हणजे खोलीतलं काही दिसायला नको. कागदाच्या कडेने डोकावून पाहिलं, तर मुली कागदाला तोंड लावून उभ्या होत्या. पहिली टाकी, दुसरी. तिसऱ्या टाकीपाशी थांबणं.

मला त्याचं कारण सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे नसतं असं नाही, हे मला सरांनीच शिकवलं होतं. मी कागद काढले, काचा स्वच्छ पुसल्या आणि मुलाखतीची तयारी केली. घरी आईला मात्र काही बोलले नाही.

समिती आली ती दुपारची. तिच्यात आमच्या विषयाच्या जाणकार एकच, डॉ. विमला राव, हैदराबादच्या. पांढरे आखूड केस, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी रंग पाहिला, माझे तक्ते पाहिले, मान डोलावली. टाक्यांची ओळ आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढीच वाट होती. पहिल्या टाकीपाशी दशरथ, त्याच्या मागे दाराशी राव बाई आणि दोघे सदस्य. ओळीच्या दुसऱ्या टोकाला, आठव्या टाकीपाशी, मी.

"एक दाखवायचं होतं, मॅडम," दशरथ म्हणाला आणि त्याने काचेवर तीनदा टकटक केलं.

मुली आल्या नाहीत.

त्या टाकीच्या मध्यावर थांबून होत्या. सगळ्यांची तोंडं दाराकडे.

दशरथने पुन्हा टकटक केलं. काही नाही. माझा जीव भांड्यात पडला. हसूही आलं. मी काही बोलणार, तेवढ्यात पहिल्या टाकीतल्या मुली काचेपाशी सरकल्या.

दशरथ भिंतीला चिकटला. अरुंद वाटेत समोरच्याला जाऊ द्यायला आपण पोट आत घेऊन चिकटतो, तसा.

"सॉरी, सर," तो म्हणाला.

कुणालाच नाही. मग त्याचा चेहरा उतरला. त्याने राव बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो भिंतीलाच टेकून राहिला.

दुसऱ्या टाकीतल्या मुली गोळा झाल्या.

तिसऱ्या टाकीतल्या. तिथे त्या थांबल्या. खोलीत कुणी हललं नाही.

चौथी. पाचवी. सहावी.

सातवी.

माझ्यासमोरच्या टाकीतल्या मुली आल्या आणि काचेला लागून उभ्या राहिल्या. माझ्यासमोर नाही. वीतभर डावीकडे.

डॉ. विमला राव चष्मा काढून पुसत होत्या. सगळ्या माशांनी इतकं एकसारखं वागलेलं आपण आजवर पाहिलं नाही, असं त्या म्हणाल्या. वारसा तंतोतंत एक असल्याशिवाय हे शक्यच नाही, लाइन, म्हणजे वंश, शुद्ध आहे. दोघा सदस्यांनी माना हलवल्या. त्यांना चहाला जायचं होतं.

रीडरची जागा मला मिळाली. दशरथने तक्रार केली नाही. माझं अभिनंदनही त्याने मनापासून केलं. मग कोचीनला नोकरी पाहिली आणि गेला. निघायच्या दिवशी मी त्याला विचारलं, "तू त्या दिवशी सॉरी का म्हणालास रे?"

"पाय पडला असता ना त्यांच्या पायावर," तो म्हणाला. मग बॅग उचलत, "माझं डोकं फिरलं होतं, मृणाल. सोड ना."

मी सोडलं. सरांची खोली आता माझी झाली होती, कामही वाढलं होतं. टाक्यांतून फेरी मारायची वेळ मी दुपारचीच ठेवली आणि चालताना डाव्या हाताला थोडी जागा सोडायला लागले. अडचण काहीच होत नाही, वाट अरुंद असली तरी मी अंगाने बारीक आहे. सरांना मी फार मानायचे. मला त्यांची आठवण येते, हे सांगायला लाज कसली?

खोत त्या पावसाळ्यात मेला. पुढच्या वर्षी त्याच्या मुली, म्हणजे ज्यांना दत्ताराम खोताच्या मुली म्हणायचा आणि मी दरवेळी चिडून दुरुस्त करायचे त्या, अंड्यांवर आल्या. या खेपेला मी मिल्ट आणलं ते दुसऱ्या फार्मवरच्या नराचं. दिव्याखाली दुप्पट वेळ धरलं. पिसाने मी स्वतः ढवळलं. आता खोताचं या केंद्रात काहीही उरलेलं नव्हतं, ना जिवंत ना जळकं.

दोन दिवसांनी अंड्यांना डोळे आले. मोहरीएवढ्या पारदर्शक अंड्यात पिल्लू गुंडाळलेलं असतं आणि त्याचे दोन डोळे काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. अजून फुटायला अवकाश होता. पांढरा ट्रे टेबलावर घेऊन मी त्यावर वाकले. एकूणएक अंडी चांगली होती, एकही मरून दुधाळलेलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

मी टकटक केलं नाही. पंप बंद होता. तरी अंड्याच्या आत पिल्लं हळूहळू वळली. कुशीवर वळतात तशी, सगळी एका बाजूला. हजारो काळे ठिपके वर पाहत होते. माझ्याकडे नाही.

मी ट्रे जरासा डावीकडे सरकवला, नीट बघता यावं म्हणून.